आदर्श करदात्याची म्हैस

डोंगरसोगा ग्रामपंचायतीचं कुलूप एक एप्रिलला सकाळी दहाला उघडायचं आणि संगप्पा नऊ वाजल्यापासून पायरीवर बसलेले असायचे. अठ्ठावीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. एके वर्षी अंगात ताप होता, तर घोंगडी पांघरून आले. एके वर्षी एक तारीख रविवारी आली, तरी आले, बंद दाराकडे तासभर पाहिलं आणि समाधानाने घरी गेले. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर सगळं एका दमात भरायचं, पावतीची घडी न घालता ती हातात धरायची आणि जवळची गल्ली सोडून बाजारातून वळसा घालून घरी यायचं. वाटेत कुणी "काय आप्पा, भरली का?" असं विचारलं नाही, तर संगप्पा तिथेच वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसायचे. कुणीतरी विचारेपर्यंत अंगठा नीट व्हायचा नाही.

गाव लातूर जिल्ह्यातलं. पण गावाच्या सोयरिकी आणि दवाखाने सगळे नांदेडकडे. संगप्पांचं गावात किराणा दुकान. दुकानामागे पक्कं स्लॅबचं घर. भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतीखाली झोपायला सिद्धम्माने साफ नकार दिला होता, म्हणून बांधलेलं.

भिंतीला भिंत लागून अण्णारावचं घर. दगडमातीचं, वर पत्रे, पुढे गोठा, गोठ्यात मंजुळा नावाची म्हैस. दोघं एका वयाचे, एका शाळेतले. पण करदाते म्हणून दोघांत जमीनअस्मानाचा फरक. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर थकबाकीदारांची यादी लाल रंगात रंगवलेली होती आणि तिच्यात पहिलं नाव अण्णारावचं. पंचायतीचा शिपाई मल्लेश दर दिवाळीला ते नाव पुन्हा गिरवायचा. खालची नावं यायची-जायची. पहिलं पक्कं होतं.

आणि दर ग्रामसभेत, विषय कोणताही असो, नळ असो की अंगणवाडी, अण्णाराव शेवटी उभा राहायचा आणि म्हणायचा, "ह्यो बिल माझं न्हाई."

सभा खदाखदा हसायची. मग संगप्पा उठायचे आणि शांतपणे म्हणायचे, "अण्णा, कर भरायला पैसा लागत न्हाई. जिगर लागती." सभा टाळ्या वाजवायची. चहा यायचा. हा कार्यक्रम अठ्ठावीस वर्षं चालला होता.

यंदा जानेवारीत वरून परिपत्रक आलं. प्रजासत्ताक दिनी गावोगावी एक आदर्श करदाता निवडून त्याचा शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र देऊन सत्कार करावा, झेंडावंदनानंतर त्याला मंचावर सरपंचाशेजारी खुर्ची द्यावी. डोंगरसोग्यात निवडायला दुसरं कुणी नव्हतंच. निरोप आला त्या दिवशी संगप्पांनी सगळ्यात आधी फोन लावला तो नांदेडला, व्याह्यांना.

व्याही अमरनाथ हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले, टापटीप गृहस्थ. नांदेडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर वडिलांचा फोटो, आईचा फोटो आणि त्याच मापाच्या फ्रेममध्ये मालमत्ता कराची पावती. लवकर भरल्यावर जी सूट मिळते, ती मिळवलेली पावती. फ्रेम तीच, आतली पावती दर वर्षी नवी. लेकीला भेटायला गेलं की चहा येण्याआधी अमरनाथ त्या फ्रेमकडे बघायचे, मग संगप्पांकडे, मग म्हणायचे, "शहरात शिस्त लागते, आप्पासाहेब. खेड्यात काय, चालतं." अकरा वर्षं संगप्पांनी तो चहा असा प्यायला होता.

"शरणार्थ, व्याहीबुवा," संगप्पा फोनवर म्हणाले. "सव्वीसला मोकळे हाव का? काही विशेष न्हाई. जरा सत्कार हाय आमचा. कराबद्दल."

पलीकडून अमरनाथांनी "कराबद्दल?" असं दोनदा विचारून घेतलं. मग अमरनाथ म्हणाले, "येतो."

सत्कारासाठी तीन कागद लागणार होते: चालू वर्षाची पावती, पासपोर्ट फोटो आणि नमुना आठचा उतारा. पावत्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस होत्या. फोटो लातूरला जाऊन काढला. फोटोवाल्याने हसा म्हटलं तर संगप्पा म्हणाले, कराचा फोटो आहे. राहिला उतारा. म्हणजे पंचायतीच्या कर आकारणी रजिस्टरमधली आपल्या घराची ओळ. ती संगप्पांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पावतीवर घराचा नंबर, नाव आणि रक्कम एवढंच असतं. आणि एवढ्यात ते खूश होते.

ग्रामसेविका शिल्पा मॅडम चार महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या. रोज लातूरहून एसटीने यायच्या, पंचायतीत बसायच्या आणि एसटीने परत जायच्या. त्यांनी उतारा काढून शिक्का मारून दिला. संगप्पांनी तो न वाचता छातीशी धरला, बाजारातून वळसा घालून घरी आणला आणि सिद्धम्मापुढे ठेवला.

सिद्धम्मा सातवी पास. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा टाकण्याआधी वाचणारी बाई. तिने चष्मा लावला.

"घर क्रमांक एकशे तेरा. मालक, संगप्पा. बरोबर," ती म्हणाली. "भोगवटा, स्वतः. बरोबर. वर्णन..." ती थांबली. "अवो, आपल्या घराला गोठा कुठंय?"

"काय?"

"हितं लिवलंय. 'दगड-मातीचे घर, दोन खण, पत्र्याचे छप्पर, पुढे गोठा.'"

संगप्पांनी वर स्लॅबकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन पुढे पाहिलं. गोठा नव्हता.

"टायपिंगची चूक आसंल," ते म्हणाले.

"टायपिंगच्या चुकीत काना-मात्रा चुकतो. म्हैस येत न्हाई," सिद्धम्मा म्हणाली.

दुपारी संगप्पा पुन्हा पंचायतीत गेले. काय झालं ते सांगायचं नाही आणि काय झालं ते समजून तर घ्यायचं, असा अवघड बेत होता.

"मॅडम," ते म्हणाले, "समजा माझा एक पाव्हना हाय. त्याच्या उताऱ्यात गोठा हाय. पण घरात गोठा न्हाई."

"पाडला असेल."

"कधी नव्हताच."

"मग उतारा दुसऱ्या घराचा असेल," मॅडम म्हणाल्या आणि हौसेने रजिस्टर उघडलं. समजावून सांगायची त्यांना आवड होती आणि डोंगरसोग्यात आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. "हे बघा आप्पा. रजिस्टर माणसाचं नसतं, घराचं असतं. आधी घराचा नंबर. मग नाव. नाव बदलतं, नंबर बदलत नाही. मग हे वर्णन: माती, विटा की स्लॅब, किती खण, दुकान आहे का. मग लांबी-रुंदी. मग किती जुनं. ह्या सगळ्यावरून कर बसतो. मातीच्या घराला थोडा, स्लॅबला जास्त, दुकान असलं तर आणखी जास्त."

"आन हे दर चार वर्सांनी नव्यानं मोजत्यात ना?"

मॅडमनी मागची पानं उलटली. एका जुन्या पानावर सगळं हाताने सविस्तर लिहिलेलं होतं. त्याच्या पुढच्या प्रत्येक आकारणीत त्याच रकान्यांत एकच शब्द होता: 'मागीलप्रमाणे'. त्याखाली 'मागीलप्रमाणे'. त्याखाली पुन्हा. पान पिवळं होत गेलं होतं, शाई बदलत गेली होती, अक्षर बदलत गेलं होतं, शब्द तोच.

"शेजाऱ्याचा उतारा भेटतो का?" संगप्पांनी विचारलं. "अण्णारावचा. एकशे बारा. म्हनलं, त्याला जरा शिकवावं."

"फी भरली की कुणाचाही भेटतो."

संगप्पांनी फी भरली. एकशे बारा. मालक, अण्णाराव. वर्णन: 'पक्के स्लॅबचे घर, पुढे दुकान तीन खण, मागे मोरी, कडप्पा फरशी.'

कडप्पा फरशी संगप्पांनी स्वतः ट्रकमधून उतरवून घेतली होती. तिच्यातली एक त्यांच्या पायावर पडली होती.

ते बाकावर बसले आणि तिथे बसल्या बसल्या त्यांना दार आठवलं.

सत्त्याण्णव साल. संगप्पांनी लातूरहून लोखंडी कपाट आणलं होतं आणि ते घराच्या दारातून चार बोटांनी आत जाईना. भुजंग सुतार म्हणाला, एक तर कपाट कापा, नाहीतर दार. शेजारी अण्णारावची अडचण उलटी. त्याचं दार सागवानी, दोन फळ्यांचं, रुंद. आणि तेव्हाची म्हैस, मंजुळाची आजी, रोज डोकं लावून ते उघडायची आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची. त्याला अरुंद दार हवं होतं. तर पाडव्याच्या मुहूर्तावर दोघांनी चौकटीसकट दारं बदलली. ना देणं ना घेणं. भुजंगला पुरणपोळी. गावभर कौतुक झालं, शेजारी असावेत तर असे.

आणि त्याच्या महिनाभर आधी पंचायतीने पहिली मोजणी करून प्रत्येक चौकटीवर लाल रंगात घराचा नंबर घातला होता. मोजमाप तेव्हा झालं. नावं लिहायला ग्रामसेवक पाडव्यानंतर आला. त्याने चौकटी पाहिल्या. एकशे बाराच्या चौकटीत अण्णाराव उभा होता, एकशे तेराच्या चौकटीत संगप्पा. त्याने तसं लिहिलं. पुढे सगळं मागीलप्रमाणे.

म्हणजे अठ्ठावीस वर्षं संगप्पा गोठ्याची घरपट्टी भरत होते. आणि अण्णाराव संगप्पांच्या स्लॅबची, दुकानाची आणि कडप्प्याची भरत नव्हता.

'ह्यो बिल माझं न्हाई.'

"आप्पा, बरं वाटतंय ना?" मॅडमनी विचारलं. "पाणी देऊ?"

"न्हाई. बेस हाय."

"एक राहिलंच. पंचवीसला मी स्थळपाहणीला येते. घर, घराचा नंबर आणि तुम्ही, एका फोटोत. उताऱ्यातलं वर्णन जुळलं की अहवालावर सही."

"आन न्हाई जुळलं तर?"

"मग सत्कार रद्द. दुसरं नावच नाही ना गावात." मॅडम हसल्या. "पण तुमचं काय न जुळायचंय?"

घरी येऊन संगप्पांनी सिद्धम्माला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि शेवटी म्हणाली, "जाऊन सांगा अण्णाभाऊजींना."

"सांगतो की. सत्तावीसला."

"आन सव्वीसला?"

"सव्वीसला व्याही येऊन राहिलेत."

"यव्वा," सिद्धम्मा म्हणाली आणि ज्वारी निवडायला बसली.

बेत असा होता. उताऱ्यात मातीचं घर आणि गोठा आहे. तर मॅडमना मातीचं घर आणि गोठा दाखवायचा. तो शेजारी तयार होताच. अण्णारावची बायको सिंधुबाई माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलेली. राहिला अण्णाराव. त्याला संगप्पांनी चोवीसला सांगितलं की लोहा गावच्या बाजारात सरकी पेंड भलतीच स्वस्त झाली आहे. आणि शिपाई मल्लेश, ज्याला गावातलं प्रत्येक घर डोळे मिटून ओळखू येतं, तो पंचवीसला शाळेच्या मैदानावर फक्कीने रेघा मारण्यात गुंतलेला असणार होता. एवढा विचार संगप्पांनी दुकान टाकतानासुद्धा केला नव्हता.

पंचवीसला सकाळी अण्णाराव पिशवी घेऊन रस्त्याकडे गेला. संगप्पा शेजारच्या अंगणात शिरले, गोठ्याजवळच्या बाजेवर बसले आणि घरमालकासारखे दिसायचा प्रयत्न करू लागले. तो पुरेसा वाटेना, म्हणून उठून मंजुळेला थोडा कडबा टाकला. मंजुळेने कडब्याकडे पाहिलं, संगप्पांकडे पाहिलं आणि खाल्ला नाही.

"खा की," संगप्पा म्हणाले. "एक दिसाचा प्रश्न हाय."

अकराला शिल्पा मॅडम आल्या. हातात उतारा, टेप आणि मोबाइल.

"या मॅडम, या. गरिबाचं घर हाय."

मॅडमनी उतारा पाहिला, घर पाहिलं. "दगड-माती, आहे. दोन खण, आहेत. पत्रे, आहेत. गोठा, आहे. वा!" त्यांनी टेपने भिंत मोजली. फुटाला फूट जुळला. आजवरच्या नोकरीत इतकी बिनचूक आकारणी त्यांनी पाहिली नव्हती, असं त्या म्हणाल्याही. "म्हैस तुमचीच?"

"घरच्यासारखीच हाय."

"छान. आता दारात उभे राहा. नंबर दिसू द्या."

इथे संगप्पांनी मागे वळून चौकटीकडे पाहिलं. गोठ्याचा विचार केला, शिपायाचा केला, पेंडीचा केला. दाराचा करायचा राहून गेला होता. सगळा घोटाळा ज्या दारापासून सुरू झाला, ते दार त्यांच्या पाठीशी होतं आणि त्याच्या चौकटीवर ठसठशीत लाल आकड्यांत एकशे बारा लिहिलं होतं. त्यांच्या उताऱ्यावर एकशे तेरा.

ते चटकन आकड्याला डोकं टेकवून उभे राहिले.

"आप्पा, जरा बाजूला."

"मला असंच बरं वाटतं."

"नंबर दिसत नाही."

"लाजून राहिलाय."

मॅडम पुढे आल्या. संगप्पा सरकले. मॅडमनी आकडा वाचला, उतारा वाचला, पुन्हा आकडा वाचला. "हे तर एकशे बारा आहे. एकशे तेरा कुठंय?"

"शेजारी," संगप्पा म्हणाले. कारण आता ते खरंच होतं.

मॅडम शेजारी जाऊन आल्या. "तिथं एकशे तेरा आहे. पण तिथं स्लॅब आहे आणि दुकान आहे. आणि आत एक मावशी ज्वारी निवडतायत. मी विचारलं, हे घर कुणाचं? त्या म्हणाल्या, ज्याचा सत्कार हाय त्याला विचारा."

एवढ्यात अण्णाराव फाटकातून आत आला. लोह्याची जीप भरली नाही म्हणून ड्रायव्हरने सगळ्यांना परत उतरवलं होतं. त्याने आपल्या दारात उभ्या असलेल्या संगप्पांना पाहिलं, मॅडमना पाहिलं, टेप पाहिली.

"काय करूलालास रे आप्पा? पेंड हितंच वाटून राहिलास का?"

मंजुळा मालकाचा आवाज ऐकून रेकली आणि मग तिने तो मघाचा कडबा खायला सुरुवात केली.

संगप्पांकडे अजून दोन-तीन थापा शिल्लक होत्या. पण म्हशीसमोर त्या तोंडातून बाहेर येईनात. ते बाजेवर बसले आणि कपाटापासून कडप्प्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

अण्णाराव उभ्याने ऐकत होता. झाल्यावर तो समोर जमिनीवर बसला.

"म्हंजी मी अठ्ठावीस वर्सं काय म्हनून राहिलो?"

"ह्यो बिल माझं न्हाई."

"आन ते बिल कुनाचं होतं?"

"माझं."

"पुन्यांदा सांग."

"माझं, अण्णा."

"मंजुळे," अण्णाराव म्हशीकडे वळून म्हणाला, "आयकलं का? तुझी आज्जी आसताना पासून मी हेच म्हनूलालो." मग संगप्पांकडे वळला. "आन तू काय म्हनायचास रे सभेत उठून?"

संगप्पा चपलेचा अंगठा नीट करू लागले. "जिगर लागती म्हनायचो."

"गोठ्याचं बिल भरायला लई जिगर लागती, हाव."

शिल्पा मॅडमनी घसा साफ केला. "आप्पा, मला आज अहवाल द्यावाच लागेल. दोन रस्ते आहेत. एक, 'वर्णन जुळत नाही, सत्कार रद्द' एवढं मी लिहिते. कुणी काही विचारणार नाही. दुरुस्ती पुढे सवडीने होत राहील. दुसरा, तुम्ही आत्ताच दुरुस्तीचा अर्ज देता. पण तो ग्रामसभेत वाचून दाखवावा लागतो. आणि ग्रामसभा उद्याच आहे, झेंडावंदनानंतर."

"सगळ्या गावासमोर?"

"सगळ्या गावासमोर."

संगप्पांच्या डोळ्यांसमोर गाव आलं नाही. पहिल्या रांगेत बसलेले अमरनाथ आले, त्यांचा चष्मा आला आणि नांदेडची ती फ्रेम आली. पहिला रस्ता सोपा होता. व्याह्यांना फोन करायचा, वरून कार्यक्रम रद्द झाला म्हणायचं. सरकारी काम, कुणीही विश्वास ठेवील.

"राहू दी आप्पा," अण्णाराव म्हणाला. तो उठून म्हशीचं दावं बघत होता. "तुझे पाव्हने येऊन राहिलेत. भितीवर माझं नाव हायच की. सवय हाय मला. मल्लेशचं बी अक्षर चांगलं झालं गिरवून गिरवून."

त्यात टोमणा असता तर संगप्पांना बरं वाटलं असतं. टोमण्याला टोमणा देता येतो. पण अण्णारावने ते खरंच तसंच म्हटलं होतं.

"मॅडम," संगप्पा म्हणाले, "कागद हाय का?"

सव्वीसला झेंडावंदन झालं, पोरांची कवायत झाली आणि ग्रामसभा बसली. अमरनाथ पहाटेच्या गाडीने आले होते. इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी. आणि सिद्धम्माने नंतर सांगितलं, पिशवीत त्यांनी फ्रेम आणली होती. तुलनेला.

संगप्पा माइकपुढे गेले. अर्ज कुणी तरी दुसऱ्याने वाचला असता. पण त्यांना वाटलं, अठ्ठावीस वर्षं आपण ह्याच जागी उभे राहून बोललो, तर हेही आपणच बोलावं.

"मी, संगप्पा, घर क्रमांक एकशे तेराचा," त्यांनी वाचलं आणि थांबले. "म्हंजी एकशे बाराचा. अण्णारावच्या बिलाबद्दल अण्णाराव दर सभेला जे म्हनत होता, ते खरं होतं. ते बिल माझ्या घराचं होतं. मी जे भरत होतो, ते त्याच्या गोठ्याचं होतं. चूक दाराची हाय. पण सभेत उठून बोललो ते दारानं न्हाई, मी बोललो. फरक मी भरून देतो. भितीवरचं नाव पुसावं, ही विनंती."

सभा हसायच्या तयारीत आली होती. पण कुणाला हसावं ते कळेना. शेवटच्या रांगेत अण्णाराव सवयीने उभा राहिला, "ह्यो बिल..." म्हणाला आणि अडकला. तो तसाच खाली बसला आणि तेव्हा टाळ्या पडल्या.

मग शिल्पा मॅडम उठल्या. त्यांच्या हातात परिपत्रक होतं. "सत्काराबद्दल मी रात्री नियम नीट वाचला. त्यात लिहिलंय, 'ज्या मालमत्तेचा कर सलग आणि मुदतीत भरला गेला आहे, त्या मालमत्तेच्या धारकाचा सत्कार करावा.' ती मालमत्ता म्हणजे मातीचं घर आणि गोठा. धारक, अण्णाराव."

"मी?" अण्णाराव ओरडला. "मी एक रुपाया भरला न्हाई!"

"रुपया कुणाचा असावा, ते नियमात लिहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

अण्णाराव मंचावर चढला. सरपंचांनी शाल घातली, नारळ दिला. ती शाल संगप्पांनी इतके दिवस स्वतःच्या खांद्यावर कल्पून ठेवली होती. रंग मात्र त्यांना वाटला होता त्यापेक्षा भडक निघाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा जोरातच वाजल्या.

दुपारी स्लॅबखाली, कडप्प्यावर, व्याही चहाला बसले. संगप्पा वाट पाहत होते. आता फ्रेम बाहेर येणार, आता शिस्त येणार, आता खेड्यात काय चालतं ते येणार. अमरनाथ मात्र बशीकडे बघत होते.

"आप्पासाहेब," शेवटी ते हळूच म्हणाले, "तो उतारा म्हणजे... नेमका कुठे मागायचा?"

"तुम्ही काढला न्हाई कधी?"

"पावती आहे ना. फ्रेमच आहे." त्यांनी चष्मा पुसला. "आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. म्हणजे, राहतो तर तिसऱ्याच मजल्यावर. कागदावर कुठे राहतो, ते काही पाहिलेलं नाही."

"पाहून घ्या," सिद्धम्मा आतून म्हणाली. "म्हैस निघाली तर कळवा."

पिशवीतली फ्रेम पिशवीतच नांदेडला परत गेली.

दुरुस्तीला मॅडमनी दारं परत बदलायची गरज ठेवली नाही. मल्लेश ब्रश घेऊन आला, एका चौकटीवर तेराचे बारा केले, दुसरीवर बाराचे तेरा केले आणि त्याच रंगात जाता जाता पंचायतीच्या भिंतीवरचं पहिलं नाव झाकून टाकलं. तो जरा उदास दिसत होता. अण्णारावचा 'ण्णा' त्याला फार छान जमायला लागला होता.

एक एप्रिलला संगप्पा नेहमीपेक्षा लवकर उठले. यंदा बिल मोठं होतं; स्लॅबचं, दुकानाचं, कडप्प्याचं. पण नेम तो नेम. आठ वाजताच ते पंचायतीसमोर पोहोचले आणि थबकले.

पायरीवर अण्णाराव बसला होता. उन्हाळ्याचं ऊन तापायला लागलं होतं, तरी अंगावर शाल होती. शेजारच्या लिंबाला मंजुळा बांधलेली.

"अण्णा? तू कामून आलास हितं?"

"घरपट्टी भरायला. आदर्श म्हनून नाव झालंय आता, ते राखावं लागतंय ना." अण्णारावने घाम पुसला आणि पायरीवरच्या आपल्या मागच्या जागेकडे बोट दाखवलं. "बस. लायनीत."

संगप्पा त्याच्या मागे बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हैस कशाला आणलीस?"

"उताऱ्यात नाव हाय तिच्या गोठ्याचं," अण्णाराव म्हणाला. "म्हनलं, तिनं बी एकदा बघावं, कसं भरत्यात ते."